एक काडतूस, दोन हत्यारे

कोल्टचा कारखाना हार्टफर्डला आणि विंचेस्टरचा न्यू हेवनला. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील या दोन शहरांमधले अंतर सुमारे ६० किलोमीटर. रिव्हॉल्वर घ्यावे कोल्टचे आणि रायफल विंचेस्टरची, असा तो काळ होता. १८७८ साली कोल्टने आपले गाजलेले सहाबारी रिव्हॉल्वर शेजारच्या विंचेस्टरच्या रायफलीचे काडतूस चालेल असे बनवून बाजारात आणले. नळीवर ‘कोल्ट फ्रंटियर सिक्स-शूटर’ ही अक्षरे उमटवली. काडतूस ज्याचे, त्या विंचेस्टरचे नाव तिथे नव्हते.

ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘पिस्तुलाची काडतुसे चालणारी रायफल’ म्हटले की आधी पिस्तूल आले असणार आणि रायफल मागाहून, असा आपला समज होतो. ‘.४४-४०’ या काडतुसाच्या बाबतीत क्रम नेमका उलटा होता. ते १८७३ साली विंचेस्टरच्या ‘मॉडेल १८७३’ या रायफलीसाठीच तयार झाले. त्याच्या नावातले ४४ म्हणजे गोळीची ढोबळ जाडी, इंचाच्या शंभराव्या भागांत. आणि ४० म्हणजे काळ्या दारूचे वजन, ग्रेनमध्ये. ते भरते सुमारे २.६ ग्रॅम. गोळी २०० ग्रेनची, म्हणजे १३ ग्रॅमची. रायफलीच्या मानाने हे काडतूस अगदीच लहान, आणि ते लहान असण्याचे कारण रायफलीच्या रचनेत होते.

लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत चापाभोवतीचे कडे हाच लिव्हर असतो. तो खाली-पुढे ढकलला की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा चढतो. परत वर ओढला की नळीखालच्या लांब नळकांड्यातून आलेले नवे काडतूस आत सरकते. शर्टांचा कारखानदार असलेल्या ऑलिव्हर विंचेस्टरच्या कंपनीत बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० साली ही यंत्रणा नीट मार्गी लावली. हेन्री रायफलीच्या नळकांड्यात १६ काडतुसे मावत, आणि तीही पिस्तुलाच्या ताकदीची. बार उडताना मागचा धक्का पेलायला आत गुडघ्याच्या सांध्यासारखी दोन जोडांची रचना होती. पाय ताठ असला की गुडघा वजन धरतो, तशी ती ताठ झाली की धक्का धरी. पण फार मोठा दाब तिला सोसत नसे, आणि लिव्हर जेवढा हले तेवढीच काडतुसाची लांबी असावी लागे. म्हणून काडतूस आखूड आणि बेताच्या जोराचे. रिव्हॉल्वरच्या चक्रात ते सहज बसले, ते याचमुळे.

सोय तर उघडच होती. दुकानापासून चार-सहा दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला कमरेच्या एकाच पट्ट्यातून दोन्ही हत्यारे भरता येत. हे फक्त गुराख्यांनीच ओळखले असे नाही. तुर्कस्तानच्या सैन्याकडे .४४ हेन्री काडतुसाच्या विंचेस्टर १८६६ रायफली होत्या. या रायफलींशी जुळावीत म्हणून तुर्कांनी स्मिथ अँड वेसनकडून त्याच काडतुसाची रिव्हॉल्वरे मागवली. १८७७ साली प्लेव्हनाच्या लढाईत (हे गाव आज बल्गेरियात आहे) चाल करून येणाऱ्या रशियन फौजेवर तुर्कांनी दुरून पीबॉडी-मार्टिनी रायफली चालवल्या आणि शत्रू जवळ येताच विंचेस्टर हाती घेतल्या. पिस्तुलाच्या तोडीचे काडतूस केवळ वेगाच्या बळावर किती घातक ठरते, हे तिथे युरोपला दिसले.

इथे एक कोडे आहे. कोल्टचे स्वतःचे .४५ काडतूसही १८७३ चेच, आणि अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले. मग एकोणिसाव्या शतकात त्याची लिव्हर रायफल का निघाली नाही? मुख्य कारण पुंगळीच्या बुडाच्या कडेत सापडते. कोल्टच्या रिव्हॉल्वरमध्ये रिकामी पुंगळी आतून दांडीने ढकलून काढत, त्यामुळे कड फक्त काडतूस आत घसरू नये एवढ्यापुरती लागे. ती फारच अरुंद होती. रायफलीत मात्र एक आकडा ती कड पकडून पुंगळी ओढून काढतो, आणि त्या अरुंद कडेवर आकड्याची पकड भरवशाची नव्हती. शिवाय .४४-४० ची पुंगळी पातळ आणि तोंडाशी किंचित निमुळती. बार होताच ती फुगून नळीला चिकटे आणि काजळी मागे येऊ देत नसे. आजच्या .४५ कोल्ट पुंगळीची कड थोडी रुंद आणि तिच्या पुढे खाच असते, म्हणून आता त्या काडतुसाच्या रायफली सर्रास मिळतात.

१८९२ साली जॉन मोझेस ब्राउनिंगने विंचेस्टरसाठी नवी रायफल आखली. सांध्याच्या जागी पोलादाचे दोन भक्कम अडसर आले. आता काडतूस जोरदार करता येणार होते आणि ते केलेही गेले; त्यातून धोका उभा राहिला. १८९२ च्या रायफलीसाठी भरलेले जोरदार .४४-४० जुन्या १८७३ मध्ये किंवा कोल्टच्या रिव्हॉल्वरमध्येही बसे, पण ती हत्यारे तो दाब सोसणारी नव्हती. खोक्यांवर तशा सूचना छापाव्या लागल्या. काडतूस बसते म्हणजे चालते, ही समजूत या विषयातली सर्वांत घातक समजूत आहे.

विसाव्या शतकात प्रवाह उलटा वाहू लागला. १९३५ साली .३५७ मॅग्नम आणि १९५५ च्या सुमारास .४४ मॅग्नम ही काडतुसे खास रिव्हॉल्वरसाठी निघाली आणि मग रायफलीत गेली. मार्लिन कंपनीने १९६९ मध्ये आपली जुनी १८९४ रायफल .४४ मॅग्नमसाठी पुन्हा काढली. खरा चमत्कार इथे दिसतो. .३५७ ची १५८ ग्रेनची (१०.२ ग्रॅमची) गोळी ४ इंच नळीच्या रिव्हॉल्वरमधून सेकंदाला सुमारे ३७५ मीटर वेगाने निघते. तेच काडतूस १८ इंच नळीच्या रायफलीत घातले की वेग ५५५ मीटरच्या आसपास जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती दुपटीहून जास्त होते, सुमारे ७२० ज्यूलवरून जवळपास १६०० ज्यूलवर. काडतुसात दारूचा एक कणही वाढलेला नसतो.

ही जास्तीची ऊर्जा एरवी वाया जात असते. या मॅग्नम काडतुसांत सहसा सावकाश जळणारी दारू असते. आखूड नळीतून गोळी बाहेर पडते तेव्हाही तिच्यामागे वायूचा मोठा दाब उरलेला असतो; तो नळीच्या तोंडाशी ज्वाळा आणि आवाज बनून संपतो. शिवाय रिव्हॉल्वरच्या चक्रात आणि नळीत बारीक फट असते, तिथूनही वायू निसटतो. लांब, बिनफटीच्या नळीत तोच वायू गोळीला ढकलत राहतो. उलट, झटकन जळणाऱ्या थोड्या दारूच्या .३८ स्पेशलसारख्या काडतुसांना लांब नळीचा फायदा बेताचाच होतो.

या देवघेवीला मर्यादा आहेत. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक असतात आणि प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीला टेकते. टोक टोकदार असेल तर हादऱ्याने पुढची टोपी फुटू शकते. म्हणून या रायफलींत सहसा बोथट किंवा सपाट टोकाची गोळी वापरतात. .३५७ च्या हत्यारात .३८ स्पेशल उडवता येते (उलट मुळीच नाही), पण रायफलीच्या यंत्रणेला लांबीचा हिशेब पाळावा लागतो. १८७३ च्या धाटणीच्या रायफलीत फार आखूड काडतूस आले की त्याच्यामागून दुसरे अर्धवट आत शिरते आणि सगळे अडकून बसते. पिस्तुलाच्या वेगासाठी घडवलेली पोकळ टोकाची गोळी रायफलीच्या वेगाला सावजाच्या शरीरात खोल जाण्याआधीच फुटू शकते, म्हणून जाणता शिकारी कणखर गोळी निवडतो.

पिस्तुलाच्या काडतुसांच्या या रायफलींना आज आधार मिळाला आहे तो कायद्यांचा आणि खेळाचा. अमेरिकेतील इंडियानासारख्या सपाट, दाट वस्तीच्या राज्यात लांब पल्ल्याच्या रायफलींपेक्षा हरणाच्या शिकारीला ही आखूड पल्ल्याची काडतुसे सुरक्षित मानली गेली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १९९७ च्या कायद्यांनी खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली. तेव्हापासून इंग्लंडमधील बिझलीच्या नेमबाजी मैदानावर .३५७ आणि .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्वरसाठी जन्मलेली काडतुसे मुख्यतः लिव्हर रायफलींतूनच उडवली जातात.