‘सर्कमस्पेक्ट’ : चहूबाजूंनी पाहणारा शब्द

‘सर्कमस्पेक्ट’ या इंग्रजी विशेषणाला आपण वर्गात ‘सावध’ हा प्रतिशब्द देतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मीही अनेक वर्षे हेच केले. एकदा अनुवादाच्या तासाला एका विद्यार्थ्याने ‘सर्कमस्पेक्ट न्यायाधीश’ याचे मराठी ‘घाबरट न्यायाधीश’ असे केले. चूक त्याची कमी, माझी अधिक होती. ‘सावध’ म्हणजे धोक्याला बिचकणारा, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचले होते.

हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आढळतो. त्याचे मूळ लॅटिन. ‘सर्कम’ म्हणजे सभोवार व ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. पाऊल टाकण्यापूर्वी ज्याने सर्व बाजू व परिणाम पाहून घेतले, तो सर्कमस्पेक्ट. यात भीती कोठेच नाही. यातील पाहण्याचा धातू इन्स्पेक्टर, प्रॉस्पेक्टस, इतकेच नव्हे तर रिस्पेक्ट (मुळात ‘वळून पाहणे’) या शब्दांतही आहे. संस्कृतातील ‘पश्यति’ आणि हेर या अर्थाचा ‘स्पश’ हे त्याच कुळातले. आपला रोजचा ‘स्पष्ट’ही त्यांचाच भाऊबंद.

‘कॉशस’ हा शब्द वेगळा. त्याच्या मुळाशी ‘जपून राहणे’ हा अर्थ आहे. ‘कॉशन’चा इंग्रजीतील जुना अर्थ तारण किंवा जामीन असा होता. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या ‘कॉशन मनी’त तो अजून शिल्लक आहे. (ती रक्कम परत मागावयास फारच थोडे विद्यार्थी येतात, ही गोष्ट निराळी.)

उर्दू जाणणाऱ्यांना मात्र सर्कमस्पेक्ट समजावणे सोपे आहे. ‘एहतियात’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्याचा अर्थ वेढणे, राखणे असा आहे. भिंत या अर्थाचा ‘हाइत’, आवार या अर्थाचा ‘इहाता’ म्हणजेच बोलीतला अहाता, आणि ‘मुहीत’ हे सारे त्यातूनच निघाले. एकीकडे नजर सभोवार फिरते, दुसरीकडे कुंपण सभोवार उभे राहते. ‘मुहतात’ न्यायाधीश म्हटले की कोणी त्याला घाबरट समजत नाही.

मराठीत ‘चौकस’ जवळचा वाटतो. पण तो आता जिज्ञासेकडे झुकला आहे. मला ‘सारासार पाहणारा’ अधिक योग्य वाटते. त्या विद्यार्थ्याला मूळ अर्थ सांगितल्यावर त्याने ‘घाबरट’ खोडून स्वतःच लिहिले, ‘साऱ्या बाजू पाहणारा न्यायाधीश’. मी ते तसेच राहू दिले.