रानिएरींना आणखी एक नोकरी द्यावी का?

फुटबॉलमध्ये एखाद्या हेड कोचला काढलं की दुसऱ्याच दिवशी नव्या नावांची चर्चा सुरू होते, आणि त्यात सत्तरीच्या आसपासचं एक तरी नाव असतं. मग ठरलेली दोन वाक्यं कानावर पडतात. "माणसाला अनुभव आहे" हे एक आणि "अरे, ह्याचं आता संपलं" हे दुसरं. दोन्ही बोलायला सोपी, कारण दोन्हींना पुरावा लागत नाही. पण असा कोच आणखी एका नोकरीच्या लायक आहे की नाही हे खरोखर तपासायचं असेल, तर नेमकं काय बघायचं? त्यासाठी मी क्लाउडिओ रानिएरी यांची कारकीर्द घेतली आहे. १९५१ साली रोममध्ये जन्मलेल्या ह्या माणसाचं "संपलं" असं जगाने इतक्या वेळा जाहीर केलं आहे की अभ्यासाला यापेक्षा बरं उदाहरण मिळणं कठीण.

२०१४ च्या जुलैत ग्रीसने त्यांना राष्ट्रीय संघासाठी घेतलं. संघ नुकताच वर्ल्ड कपची बाद फेरी खेळून आलेला. युरो पात्रतेचे चार सामने झाले. रोमेनियाशी हार, फिनलंडशी बरोबरी, उत्तर आयर्लंडशी हार आणि १४ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर फेरो बेटांशी ०-१ अशी हार. फेरो बेटं म्हणजे मडगाव शहरात मावेल एवढ्या लोकसंख्येचा प्रदेश! दुसऱ्याच दिवशी रानिएरी घरी गेले. चार सामन्यांत निकाल लागला.

ह्या गोष्टीचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. २०१५ च्या जूनमध्ये ग्रीस पुन्हा फेरो बेटांशी खेळला, कोच दुसरा होता, आणि पुन्हा हरला, १-२ ने. गटात संघ शेवटचा आला. म्हणजे दुखणं संघात होतं आणि औषध बदलूनही ते गेलं नाही. रानिएरी तिथे चांगले कोच ठरले असं मी म्हणत नाही. चार सामन्यांवरून ते वाईट आहेत हे सिद्ध होत नाही, एवढंच.

त्याच जुलैत लेस्टर सिटीने त्यांना घेतलं तेव्हा इंग्लंडमध्ये लोकांनी उघड नाकं मुरडली. मे २०१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता होता. ८१ गुण, ३८ सामन्यांत फक्त ३ पराभव, दुसऱ्या नंबरच्या आर्सेनलपेक्षा १० गुण जास्त. सीझनच्या सुरुवातीला सट्टेवाले ह्या संघावर एकाला पाच हजार असा भाव देत होते.

आता खरा प्रश्न. ह्यात रानिएरींचं किती? कारण उलट बाजूची चूकही आपण तितक्याच उत्साहाने करतो, कप दिसला की सगळं श्रेय कोचला. आदल्या सीझनमध्ये नायजेल पिअरसन यांच्या हाताखाली हाच संघ कितीतरी आठवडे तळाला होता आणि शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून वाचला होता. महरेज आणि वार्डी आधीच क्लबात होते. कांतेला शोधण्याचं श्रेय मुख्यतः स्टीव्ह वॉल्श यांच्याकडे जातं. रानिएरींना घर बांधून मिळालं होतं. त्यांनी काय केलं, तर भिंती पाडल्या नाहीत! जुने सहायक ठेवले, वेगाने प्रतिहल्ला करायची सवय ठेवली. आणि आर्सेनलकडून २-५ मार खाल्ल्यावर दोन्ही फुलबॅक बदलले, सिम्पसन आणि फुक्स यांना आणलं. पुढे एकही गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा, असं खेळाडूंना कबूल केलं, आणि क्रिस्टल पॅलेसला १-० ने हरवल्यावर तो खाऊही घातला. पिझ्झाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, फुलबॅकची फार थोड्यांना. माझ्या मते नोकरी देणाऱ्याने फुलबॅकची गोष्ट वाचावी. चालू असलेलं ओळखून, ते न मोडता, नेमकी एक गळती बुजवणं हे कौशल्य आहे आणि ते दुर्मीळ आहे.

पण हे कौशल्य सगळीकडे चालत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी फुलहॅम घेतला तेव्हा १२ सामन्यांत ५ गुण होते. सगळ्या स्पर्धा धरून त्यांना १७ सामने मिळाले, विजय ३. फेब्रुवारी संपायच्या आत गेले. २०२१ मध्ये वॉटफर्ड: १४ सामने, २ विजय. (त्यातला एक मँचेस्टर युनायटेडवर ४-१, ज्यानंतर दुसऱ्या दिवशी समोरच्या सोल्शायरची नोकरी गेली. कोचांच्या जगात हे असं चालतं.) दोन्ही क्लब पुढे खाली घसरले. मालक उतावळे होते, संघ गळके होते, हे खरं. तरीही ही दोन अपयशं मी झाकणार नाही. पडायला लागलेला इंग्लिश क्लब अर्ध्या वाटेत हातात घेऊन त्याचा बचाव उभा करणं, ह्या नेमक्या कामात रानिएरी दोनदा नापास झाले आहेत. तिसऱ्यांदा तेच काम कुणी त्यांना दिलं तर दोष देणाऱ्याचा.

"नवीन कोच आला आणि संघ सुधारला" ह्या विधानाकडेही जपून बघावं लागतं. कोचला काढतात ते संघ सर्वांत वाईट अवस्थेत असताना. एखाद्या हुशार मुलाला एका पेपरात अगदीच कमी मार्क पडले तर पुढच्या पेपरात ते बहुधा वाढणारच, ट्यूशन बदला वा न बदला. बास तेर वील ह्या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या लीगची जवळपास वीस वर्षं तपासली, तेव्हा कोच बदललेले क्लब आणि तितकेच वाईट खेळत असूनही कोच न बदललेले क्लब, ह्यांच्या सुधारणेत फारसा फरक दिसला नाही. रानिएरींनाही हा नियम लागू. २०१७ च्या फेब्रुवारीत लेस्टरने त्यांना काढलं आणि क्रेग शेक्सपिअर यांनी लगेच लीगचे पहिले पाच सामने जिंकले. म्हणून शेक्सपिअर थोर आणि रानिएरी टाकाऊ असं ठरत नाही.

आपल्याकडे हे सगळं फातोर्ड्यावर बघायला मिळालं आहे. झिको यांनी एफसी गोवाला २०१५ मध्ये फायनलला नेलं आणि २०१६ मध्ये त्याच झिकोंचा संघ तळाला गेला. सर्जिओ लोबेरा यांना २०२० मध्ये संघ गुणतालिकेत पहिला असताना काढलं. पुढच्याच सीझनमध्ये त्यांनी मुंबई सिटीला लीग आणि फायनल दोन्ही जिंकून दिली, तीही आपल्याच गोव्यात.

मला हा विषय का सुचला तेही सांगते. आमच्या वाड्यावरच्या क्लबात (नाव लिहीत नाही, सगळे एकमेकांना ओळखतात) फेस्ताच्या टूर्नामेंटसाठी टीम पुन्हा जुन्या सरांकडे द्यायची की नाही यावर दोन महिने वाद चालू आहे. सर पासष्टीचे. गेल्या दोन टूर्नामेंट पहिल्याच फेरीत गेल्या. कमिटीतला एक गट म्हणतो, नवा लायसन्सवाला कोच आणा. दुसरा म्हणतो, सरांनी ह्या गावाला फुटबॉल शिकवला. पहिला गट दोन टूर्नामेंट मोजतो, दुसरा उपकार मोजतो, आणि ह्या सीझनला टीमची गरज काय आहे हे कुणीच विचारत नाही. आमचे बचावातले तीन मुलगे कामासाठी परदेशी गेले, त्यांच्या जागी सतरा-अठराची पोरं आहेत. त्यांना आधी उभं राहायला शिकवणारा माणूस हवा. माझं मत सरांच्या बाजूने आहे, पण ते ह्या कारणासाठी. उपकाराची परतफेड करायची तर सत्कार करावा, टीम देऊ नये. आणि पुढच्या वर्षी ही पोरं तयार झाली की हाच प्रश्न पुन्हा नव्याने विचारावा. तेव्हा उत्तर वेगळं आलं तर त्यात सरांचा अपमान नाही.

वॉटफर्डनंतर रानिएरींचं काय झालं ते बघा. जानेवारी २०२३ मध्ये काल्यारीने बोलावलं, दुसऱ्या विभागात चाचपडणारा क्लब, ज्याला त्यांनी १९८८ नंतर तिसऱ्या विभागातून पहिल्यात नेलं होतं. माहीत असलेलं गाव, माहीत असलेली भाषा. जूनमध्ये प्लेऑफच्या फायनलला बारीच्या मैदानावर चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला गोल झाला आणि काल्यारी वर गेला. पुढच्या सीझनला त्यांनी संघ वर टिकवला आणि निवृत्ती जाहीर केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोमाने त्यांना परत ओढून आणलं. त्याच सीझनमध्ये दोन कोच काढून झालेले, १२ सामन्यांत १३ गुण, नंबर बारावा. आणि लीगच्या पहिल्या चार सामन्यांत रानिएरी तीन हरले! हिशोब ग्रीसच्याच जवळपासचा. फरक इतकाच की ह्यावेळी कुणी त्यांना पाचव्या सामन्याआधी काढलं नाही. त्यानंतर लीगमध्ये सलग १९ सामने रोमा अपराजित राहिला. सीझन संपला तेव्हा ६९ गुण, नंबर पाचवा, चॅम्पियन्स लीग एका गुणाने हुकली. म्हणजे २६ सामन्यांत ५६ गुण, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीने राष्ट्रीय संघासाठी विचारलं. रानिएरींनी नको म्हटलं. रोमाला सल्लागार म्हणून राहायचं कबूल केलं होतं, तिथेच राहिले. ती नोकरी गात्तुझोंना मिळाली.