गळते ती काच नव्हे, सांधा

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिथेच बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. अशा शिडाच्या बोटीत महिनोन्‌महिने राहायचे, तर अंथरूण, नकाशे आणि विजेच्या तारा कोरड्या राहायला हव्यात. म्हणून केबिनच्या भिंतीतली छोटी खिडकी, म्हणजे पोर्टलाइट, फार विचाराने निवडावी लागते. ‘न गळणारी’ खिडकी कोणती, असे सगळे विचारतात. माझे ठाम मत असे की न गळणारी खिडकी विकत मिळत नाही. न गळणारा सांधा करावा लागतो, आणि तो करता येईल अशी खिडकी निवडावी लागते.

याचे कारण उष्णतेत आहे. साठ सेंटीमीटर लांबीचे अ‍ॅक्रिलिकचे तावदान तापमानात चाळीस अंशांचा फरक पडला की सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढते. त्याच लांबीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट जेमतेम अर्धा मिलिमीटर. उरलेला मिलिमीटरभराचा ताण रोज, ऊन चढले-उतरले की, मधल्या सीलंटला, म्हणजे सांधा भरणाऱ्या लवचीक लेपाला, सोसावा लागतो. स्क्रू करकचून आवळून सीलंट बाहेर पिळून काढले, तर ताणायला काही उरतच नाही; सांधा सुटतो, नाहीतर स्क्रूच्या भोकापासून तावदानाला तडा जातो. सीलंटही तावदान पाहून घ्यावे लागते: पॉलिसल्फाइड धातूच्या चौकटीला उत्तम, पण अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला ते खराब करते.

यावर कोणी म्हणेल, पैसे मोजून ब्राँझ किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घेतले की प्रश्न मिटला. ही चौकट टिकते, हे खरेच. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पण त्यात स्टीलचे स्क्रू थेट बसवले की खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. प्लास्टिक गंजत नाही, पण वाकते. तरीही केबिनची भिंत वक्र असेल, तर महागडी ताठ चौकटसुद्धा कडेला उचललेलीच राहते. भिंतीत फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असेल, तर भोकाच्या कडेचे लाकूड कोरून तिथे इपॉक्सी भरावे लागते. ते टाळले, की पाणी एका खिडकीतून शिरते आणि भलतीकडेच ठिबकते. मग आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उघडणारी खिडकी घ्यावीच कशाला? तिच्यात एक सांधा जास्त असतो, हे मान्य. पण आपल्या दमट हवेत बंद केबिनमध्ये घामासारखे पाणी भिंतींवर साचते, आणि पुष्कळदा तेच गळती समजले जाते. म्हणून बोटीच्या बाहेरच्या अंगाला, लाटेच्या माऱ्यात, पक्की बंद खिडकी असावी. वरच्या केबिनला उघडणारी चालेल. तिचे रबर सुटे बदलता येते का आणि खालच्या कडेला साचलेले पाणी बाहेर जायला वाट आहे का, एवढे मात्र दुकानातच पाहावे. खिडक्यांच्या मजबुतीसाठी आयएसओ १२२१६ हे मानक आहे, तेही विचारावे. आणि खिडकी बसवल्यावर समुद्रावर जाण्याआधी रबरी नळीने पाण्याचा जोरदार मारा करून आतला प्रत्येक कोपरा कोरड्या हाताने तपासावा. तिथे हात ओला झाला, तर तो सांधा पुन्हा करावा.