भरतीची पाऊणकी आणि जहाजाची वेळ

क्रूझवरून परतलेल्या कुटुंबाचे फोटो बघा. पोहण्याचा तलाव, डेकवरचा सूर्यास्त, रात्रीचं थाटाचं जेवण, सगळं जहाजावरचं. जहाजात चढण्याआधीचा दिवस त्यात कुठेच नसतो. आमचं सगळं काम मात्र त्याच दिवसाचं.

मोरा म्हणजे उरणचं बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच पाऊण-एक तासात इथे लागते. आमच्या घरात वडील लाँचवर सारंग होते, धाकटा भाऊ खलाशी आहे आणि मी धक्क्यावर राहून पाहुण्यांची सोय बघतो. आधी २०१८ मध्ये आंग्रिया आणि मग २०२१ मध्ये कॉर्डेलिया मुंबईहून गोव्याकडे सुटू लागली, तशी आमच्याकडे एक नवीनच वर्दळ सुरू झाली. पुण्या-नाशिकची कुटुंबं जहाजाच्या एक-दोन दिवस आधी उरणच्या नातेवाइकांकडे उतरतात, इकडे फिरतात आणि लाँचने भाऊच्या धक्क्यावर जाऊन तिथून टॅक्सीने बॅलार्ड पियर गाठतात. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं.

या पाहुण्यांना मी एकच गोष्ट कळकळीने सांगतो. जहाजाआधीचा दिवस मॉलमध्ये किंवा हॉटेलच्या खोलीत काढू नका. तो समुद्राशी ओळख करून घेण्यात घालवा, विशेषतः मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर. असं का म्हणतो, ते या किश्शांतून कळेल.

नऊ वर्षांच्या पोराने वेळापत्रक बदललं

मोऱ्याला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, शेवटची लाँच किती वाजता? आमचा उलटा प्रश्न असतो, आज तिथी कोणती?

मोरा बंदर गाळाने भरतं. गाळ काढला तरी पुन्हा बसतो. पाणी उतरलं की धक्क्याजवळचा चिखल उघडा पडतो आणि लाँच लागू शकत नाही. अशा वेळी फेऱ्या थांबतात, कधी तास-दोन तास, कधी त्याहून जास्त. हे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होतं, कारण तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही खोल. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही, त्यामुळे फेऱ्या सहसा सुरळीत चालतात.

पुण्याचं एक कुटुंब उरणला मावशीकडे उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी जहाज. त्यांचा बेत असा की संध्याकाळपर्यंत उरणला राहायचं, साडेसात-पावणेआठच्या सुमारास लाँच धरायची आणि रात्री मुंबईत मुक्काम करायचा. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा धक्क्यावर माझ्याशी बोलत होता. मी त्याला कोळ्यांचा जुना हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट काढायची, म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं. येईल तो आकडा भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास पुरतं भरतं. त्यापुढे सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी.

पोराने मोबाईलवर तिथी बघितली. द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दुपारी दीडला भरती. त्यात सव्वासहा मिळवले आणि तो ओरडलाच, "बाबा, पावणेआठला तर पाणीच नसणार!"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात भाऊ दोरखंड गुंडाळत जवळून जात होता. तो म्हणाला, "पानी नाय, तं बोट कशी येल?" कुटुंबाने सामान उचललं आणि दुपारची लाँच धरली. संध्याकाळी सात वाजता धक्क्यासमोर नुसता चिखल होता आणि त्यावर निवटे उड्या मारत होते.

जहाजाचं तसं नसतं. त्याच्यासाठी खोल पाणी राखलेलं असतं, ते आपल्या वेळेला सुटतं आणि चढण्याचं दार त्याच्या काही तास आधीच बंद होतं. म्हणून जहाजाच्या दिवशी मोऱ्याची लाँच पकडायची तर उधाण टाळावं. तिथी अडचणीची असेल तर मी सरळ सांगतो, रस्त्याने अटल सेतूवरून जा, नाहीतर रेल्वेने. उरणची गाडी १२ जानेवारी २०२४ पासून सुरू झाली आहे. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं.

दोन मोराबंदरं

घारापुरी बेटावर तीन वस्त्या आहेत. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. आमचं गाव मोरा, आणि आमच्या धक्क्यालाही सगळे मोरा बंदरच म्हणतात. यातून व्हायचं ते झालं.

नाशिकच्या एका कुटुंबाला उरणच्या नातेवाइकांनी फोनवर सांगितलं, "मोरा बंदरावर या, घ्यायला येतो." कुटुंब मुंबईतच होतं. गेटवेला कुणीतरी सांगितलं की मोराबंदर घारापुरीला आहे. ती मंडळी बॅगांसकट बेटावर उतरली आणि चालत वस्तीत पोचली. इकडे नातेवाईक आमच्या धक्क्यावर ताटकळत. शेवटी वस्तीतल्या एका बाईने फोन घेतला आणि उलगडा केला. त्याच बाईने सगळ्यांना जेवायला बसवलं, बॅगा ओट्यावर ठेवून घेतल्या आणि म्हणाली, आलाच आहात तर लेणी बघून या. दुपारच्या बोटीने मंडळी इकडे आली तेव्हा मुलं वैतागलेली असतील असं वाटलं होतं. ती खुशीत होती. त्रिमुखी सदाशिव किती मोठा, माकडाने कुणाच्या हातातली बाटली कशी पळवली, हेच चाललं होतं.

तेव्हापासून मी घारापुरी आवर्जून सुचवतो, फक्त दोन गोष्टी बजावून. सोमवारी लेणी बंद असतात. आणि परतीची बोट आधी विचारून ठेवायची. १९८७ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या लेण्यांच्या या बेटावर कायमची वीज समुद्राखालच्या केबलने यायला २०१८ उजाडलं, हे मुलांना सांगितलं की ती विचारात पडतात. समोर मुंबईचा झगमगाट आणि इथे इतकी वर्षं संध्याकाळनंतर जनरेटरचा उजेड.

याला एक सुरेख जोडही आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता बेटावर नाही. १८६४ मध्ये तो मुंबईला हलवला गेला आणि आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सीने तिथे जाणं सोपं. आदल्या दिवशी लेणी आणि जहाजाच्या सकाळी तो हत्ती, असं जमवलं तर मुलांना एका गोष्टीची दोन टोकं हाताला लागतात. बुधवार मात्र टाळायचा, संग्रहालय आणि राणीबाग दोन्ही तेव्हा बंद असतात.

आजींची रंगीत तालीम

बोट लागणे हा क्रूझवाल्या कुटुंबांचा मोठा धसका. एका आजींनी तर येतानाच जाहीर केलं होतं, "मी जहाजावर येत नाही, तुम्ही जाऊन या, मी उरणलाच राहते." त्यांना रायगडच्या घाटात एसटीसुद्धा लागायची.

मुलाने माझ्याकडे बघून हात टेकले. मी म्हटलं, आजी, जहाजाचं उद्या बघू. आज फक्त आमच्या लाँचने पलीकडे जाऊन परत येऊ.

लाँचमध्ये चढणं हाच अर्धा धडा असतो. लाँच धक्क्याला टायरांवर घासत वर-खाली होत असते. नवखा माणूस ती खाली गेली की घाईने पाय टाकतो आणि तिथेच तोल जातो. भावाने आजींचं मनगट धरलं, नुसता पंजा नाही, कारण पंजा घामाने निसटतो. दुसरा हात त्यांच्या कोपराखाली. "आजी, पाण्याकडे बघायचं नाय, माझ्याकडे बघा. वर येऊ द्या... आली... टाका पाय." लाटेने लाँच धक्क्याच्या बरोबरीला आणली आणि आजी घरचा उंबरठा ओलांडावा तशा आत आल्या.

मग त्यांना मधोमध, खालच्या बाकावर बसवलं, कारण टोकाला आणि वरच्या बाजूला हेलकावे जास्त. पोट रिकामं ठेवायचं नाही, तळणही नको. त्यांना आधीच पोळी आणि थोडा भात खायला घातला होता. पर्समध्ये आलेपाक होता. नजर मोबाईलवर न ठेवता लांब, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिथे. ज्यांना नेहमीच त्रास होतो त्यांनी औषध डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावं, त्रास सुरू झाल्यावर गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

जवाहर द्वीप मागे पडेपर्यंत आजी गप्प होत्या. मग त्यांनीच नातवाला विचारलं, ते लाल पोटाचं जहाज एवढं वर का उचललंय? मी सांगितलं, ते रिकामं आहे. माल भरला की ते खाली बसतं आणि तळाचा लाल रंग पाण्यात जातो. त्यानंतर आजी आणि नातू भरलेली आणि रिकामी जहाजं ओळखत राहिले. न्हावाशेवा बंदर समोरच असल्याने जहाजांना तोटा नव्हता. भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर आजी म्हणाल्या, "जहाज याच्यापेक्षा मोठं असेल ना? मग ते एवढं हलणार नाही." दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या.

बॅगेतले बोंबील

मोऱ्याच्या आणि करंजाच्या मासळीवर पाहुण्यांचा जीव जडतो, यात नवल नाही. पहाटे करंजाच्या बंदरात मासळी उतरताना मुलांना जरूर दाखवावी. पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली यांतला फरक पुस्तकात कळत नाही, टोपलीसमोर उभं राहिलं की कळतो.

पण खरेदी परतीच्या वेळी करावी. एका काकांनी जहाजाच्या आदल्या दिवशी सुके बोंबील आणि जवळा घेऊन कपड्यांच्या बॅगेत ठेवला. जहाजावर बाहेरचं खाणं असं चढू देत नाहीत. शिवाय रात्रभरात त्या वासाने काकूंच्या साड्यांचाही ताबा घेतला होता. सकाळी माझ्या आईने बॅग ओट्यावर रिकामी केली, कपडे उन्हात टाकले, बोंबील डब्यात घालून आपल्याकडे ठेवून घेतले आणि कपाटातल्या साड्या काकूंसमोर मांडल्या. परत येताना काका बोंबील घेऊन गेले. त्या साड्यांपैकी एक काकूंनी अजून परत केलेली नाही, कारण आईने ती परत घ्यायलाच नकार दिला.

त्या दिवसापासून आमच्या घरी नियमच झालाय. निघण्याआधी बॅग सगळ्यांसमोर उघडायची. मुलांसकट प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र वरच्या कप्प्यात आहे का, हे घरातल्या सर्वांत लहान मुलाने तपासायचं. तो कधी विसरत नाही.

लाइफ जॅकेटचा पट्टा

हा भाग हसत सांगण्यासारखा नाही, पण सांगितल्याशिवाय मी कुणाला पाण्यावर सोडत नाही.

१७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या सुमारास, रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावरच्या किती घरांत त्या बोटीची आठवण अजून निघते. आणि १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. डझनाहून अधिक जीव गेले. आसपासच्या बोटी धावल्या म्हणून जवळपास शंभर माणसं वाचली.

म्हणून लाइफ जॅकेट घालणं हा आमच्याकडे मुलांचा पहिला खेळ. जॅकेट मुलाच्या मापाचं हवं. बकल लावल्यावर मोठ्या माणसाने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं, पुन्हा आवळायचं. शिट्टी असेल तर ती कुठे अडकवली आहे ते मुलालाच शोधू द्यायचं. ज्या मुलाने हे इथे केलेलं असतं, ते जहाजावरच्या सुरक्षा कवायतीत रडत नाही, उलट आईबाबांना पट्टे बांधून देतं. असं मला परतलेल्या किती आईबापांनी सांगितलंय.

एक दिवस राखून ठेवा

दिवसाचा क्रम कसा लावावा, असं विचारतात. सकाळी ऊन तापण्याआधी द्रोणागिरीवर जावं, तिथून करंजाची खाडी, बंदर आणि समुद्र एका नजरेत येतो. भरतीच्या वेळी पिरवाडीला किंवा माणकेश्वरला किनाऱ्यावर बसावं. ओहोटीला मुलांना शिंपले वेचू द्यावेत, पण खडकाळ भागात, कारण चिखलात पाय रुतला की मोठ्यांनाही काढता येत नाही. लाँच, धक्का, मासळी आणि जमल्यास घारापुरी. एवढ्यात दिवस पुरून उरतो आणि खर्च जहाजाच्या एका जेवणाइतकाही होत नाही.

कोळ्याच्या पोराला समुद्र जन्मापासून माहीत असतो. शहरातल्या मुलाची समुद्राशी पहिली भेट काचेच्या खिडकीतून, थंड खोलीतून व्हावी हे मला पटत नाही. त्याला वारा लागू द्या, गाळाचा वास येऊ द्या, खलाशाचं मनगट धरू द्या. जहाजाचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडा, तिथी बघा, पाऊणपट काढा आणि त्याप्रमाणे आदला दिवस मोकळा ठेवा. बाकीची व्यवस्था मोऱ्याला होते.