जर्मन कात्रीचें कूळ आणि वय

अकोल्यास प्रवरेकांठीं तीन पिढ्या शिंपीकाम करीत आलेलें एक घर आहे. तेथील कापड बेतण्याची मोठी कात्री आजोबांची, पहिल्या महायुद्धापूर्वीं घेतलेली, अशी घरांत ठाम समजूत होती. नातवानें ती शिकलगाराकडे देऊन चकचकीत करून आणावयाचें ठरविलें. तेव्हां त्याच्या वृद्ध आईनें, "आधीं तिच्यावर काय लिहिलें आहे तें तरी वाच," असें बजावलें. तिचें सांगणें शहाणपणाचें होतें. कर्त्याचा ठसा बहुधा खिळ्याजवळ, पात्याच्या रुंद भागावर असतो आणि त्याची खोली ती किती असणार! धार लावणाऱ्याचें चाक त्यावरून दोन वेळां फिरलें कीं, कात्री मुकी झालीच म्हणून समजावें.

वाचण्याची रीत सोपी आहे. घासलेटांत भिजविलेल्या फडक्यानें मळ सैल करावा, मऊ कापडानें पुसावा आणि खिडकीशीं कात्री तिरपी धरावी. अक्षरें तरीहि लागलीं नाहींत तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ शिसपेन्सिल आडवी घासावी. वाळूचा कागद मात्र दूर ठेवावा.

आपल्याकडे 'जर्मन' हा शब्द मोठा फसवा आहे. ॲल्युमिनियमच्या ताटलीसहि आपण 'जर्मनची' म्हणतों! तेव्हां ऐकीव विशेषणावर न जातां ठसाच पाहावा. 'सोलिंगेन' हें अनेकांस कारखानदाराचें नांव वाटतें. वस्तुतः तें वुप्पर नदीकांठचें, पात्यांच्या धंद्यासाठीं मध्ययुगापासून प्रसिद्ध असलेलें गांव आहे. तेथें शेंकडों कारागीर होते व प्रत्येकाचें चिन्ह निराळें. म्हणून गांवाच्या नांवाशेजारीं असलेलें चित्र किंवा आडनांव शोधावें. कर्ता तेथें सांपडतो. दोन जुळ्या आकृतींचें चिन्ह हेंकेल्स घराण्याचें. पेटर हेंकेल्स यानें तें 13 जून 1731 रोजीं सोलिंगेनच्या कारागीरसंघांत नोंदविलें. हें साल वाचून आपली कात्री तीनशें वर्षांची झाली असें कोणी मानूं नये. तें चिन्हाचें जन्मवर्ष आहे, आणि तें चिन्ह आजहि चालू आहे.

वयाचा खरा धागा देशाच्या नांवांत असतो, आणि त्यामागें एक भांडण आहे. शेफील्डच्या नांवानें परदेशी माल खपविला जातो अशी इंग्रज कारखानदारांची ओरड होती. त्यावरून ब्रिटनमध्यें 1887 सालीं व्यापारी चिन्हांचा कायदा झाला आणि परदेशी मालावर उगमदेश छापण्याची प्रथा पडली. हिंदुस्थानांत तसाच कायदा 1889 सालीं आला. म्हणून 'मेड इन जर्मनी' असा इंग्रजी ठसा असलेली कात्री बहुधा त्यानंतरची. ठसा नसला म्हणजे ती त्यापूर्वींचीच, असें मात्र ठरत नाहीं. 'डी. आर. जी. एम.' हीं अक्षरें असलीं तर कात्री 1891 पूर्वींची असूं शकत नाहीं, कारण लहानसहान सुधारणांची ती नोंदणी त्याच वर्षीं सुरू झाली. दोन्हीं महायुद्धांत जर्मन माल येथें येणें बंद पडलें होतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. 1945 नंतर कांहीं वस्तूंवर जेत्यांच्या ताब्यांतील विभागाचें नांव दिसतें. आणि 'वेस्टर्न जर्मनी' किंवा 'वेस्ट जर्मनी' असेल तर ती 1949 ते 1990 या काळांतील, हें निःशंक सांगतां येतें.

मुलाम्यावरूनहि थोडा अंदाज होतो. निकेलची झांक किंचित् पिवळसर, क्रोमची निळसर. क्रोमचा मुलामा 1920 नंतरच प्रचारांत आला. 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारें पोलाद, हा शब्दहि पहिल्या महायुद्धाच्या अलीकडचा. मुलामा पुन्हां चढवितां येतो, त्यामुळें याच्या साक्षीवर फार भिस्त ठेवूं नये.

अकोल्याच्या त्या कात्रीवरील काजळी निघाली तेव्हां 'सोलिंगेन' आणि त्याखालीं 'वेस्टर्न जर्मनी' हीं अक्षरें दिसलीं. आजोबा तर दुसऱ्या महायुद्धापूर्वींच वारले होते. नातू खट्टू झाला. आईस मात्र आश्चर्य वाटलें नाहीं. आजोबांची कात्री घासून घासून बारीक झाली, तेव्हां तिच्याच घाटाची दुसरी नवऱ्यानें मुंबईहून आणली होती. आणि गिऱ्हाइकानें विचारलें कीं तो 'बापाची आहे' असेंच सांगे. पहिल्या कात्रीचें एक पातें अजून फडताळांत आहे, असें ती म्हणाली. तें काढून पाहतां त्यावर कांहींच वाचतां येईना. ठसा चाकानें केव्हांच खाल्ला होता.

दुसरी कात्री शिकलगाराकडे गेली ती खिळ्याजवळच्या भागावर कापडाची पट्टी गुंडाळून.