खाडा, केटी आणि पॅरासाइट

जून-जुलैत पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतून फिरलं की विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर कागद डकवलेले दिसतात : ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा मिळेल.’ बीड, नांदेड, धुळे, वाशीमकडून एसटीने आलेल्या मुलाला इथे भाडं खोलीचं नसून एका लोखंडी खाटेचं आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं. खोलीत चार-पाच कॉट, कॉटखाली पेटी, डोक्याशी कपड्यांसाठी एक खिळा. शेजारच्या कॉटवर कोण झोपणार ते घरमालक ठरवतो. विद्यापीठाचा पहिला तास व्हायच्या आधीच या मुलाचा भाषेचा पहिला तास झालेला असतो.

कॉलेजच्या बोलीवर लिहायचं म्हणजे कल्टी, टांग, राडा असे चटकदार शब्द गोळा करायचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मला ते शब्द दुय्यम वाटतात. त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही. ज्या शब्दांवाचून नव्या विद्यार्थ्याचं पहिल्या महिन्यात खरोखर अडतं, ते जेवणाचे, झोपायच्या जागेचे आणि नापास होण्याचे असतात. त्यांची नोंद मात्र फारशी कुणी ठेवलेली नाही.

त्यातला मला सर्वांत प्रिय शब्द ‘खाडा’. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ भरायचे, दोन वेळची मिळून साठ ताटं. गावी जायचं असेल तर आधी सांगून खाडा टाकायचा, म्हणजे तेवढी ताटं पुढे सरकतात. प्रत्येक मेसचा कायदा निराळा. कुठे सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत, तर कुठे आदल्या रात्री सांगितलं नाही तर खाडा बुडतो. हा शब्द मेसने घडवलेला नाही, तो मजुरीतून आला आहे. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. शेतात खुरपायला जाणाऱ्या आईने खाडा केला की तिचा रोज कापला जातो. पुण्यात शिकणाऱ्या तिच्या मुलाने खाडा टाकला की त्याचं एक ताट वाचतं. एकच शब्द घराच्या दोन टोकांना असा उलटसुलट वापरला जातो. मी स्वतः पहिल्या महिन्यात खाडा सांगायला लाजलो होतो. घरी जाऊन आलो आणि सात दिवसांची ताटं बुडाली. तेव्हापासून हा शब्द विसरलो नाही.

खाड्याच्या शेजारी ‘फीस्ट’ बसते. रविवारी दुपारी गोडाचं जेवण, आणि त्या बदल्यात रात्री मेस बंद. रविवारची रात्र वडापाववर काढलेले लोक आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि त्यांना ती रात्र अजून आठवते. त्यांच्या आजोबांच्या पिढीचे शब्द होते ‘वार लावणे’ आणि ‘माधुकरी’. सात वारांना सात घरं, कुणाकडे सोमवार तर कुणाकडे गुरुवार. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. पण ही सोय जातीच्या उंबऱ्याआतली होती, सगळ्यांची पोरं त्या पंगतीला बसू शकत नव्हती. म्हणून भाऊराव पाटलांनी 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढून तिथे ‘कमवा आणि शिका’ रुजवलं, ती गोष्ट भाषेच्या अंगानेही मोठी आहे. दुसऱ्याच्या दारातल्या वाराऐवजी स्वतःच्या श्रमाचं क्रियापद विद्यार्थ्याच्या तोंडी आलं. आज विद्यापीठाच्या आवारातला मुलगा ‘मी कमवा-शिकाला आहे’ असं सहज सांगतो. त्या सांगण्यात संकोच नसतो.

पुणे विद्यापीठ 1949 सालचं. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानाला तिथे ‘मेन बिल्डिंग’ म्हणतात. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या नावाचं ग्रंथालय नुसतं ‘जयकर’ झालं आहे. ‘जयकरला बसतो’ म्हणजे अभ्यास चालू आहे. जेवायच्या जागेला इथे ‘रिफेक्टरी’ म्हणतात. युरोपातल्या मठांमध्ये साधू एकत्र जेवायचे त्या दालनाचं हे नाव, इंग्रजी विद्यापीठांमार्फत आपल्याकडे आलं आणि वरण-भाताला चिकटलं.

आणि इथलाच शब्द ‘पॅरासाइट’. वसतिगृहात जागा थोड्या, अर्ज फार. ज्याचा नंबर लागत नाही तो मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकतो, त्याला हे नाव. जीवशास्त्राच्या पुस्तकातला परोपजीवी इथे माणसाला लागला. मला हा शब्द बोचतो. पण मुलं तो स्वतःबद्दल अगदी सरळ वापरतात : ‘सध्या मी पॅरासाइट आहे.’ रेक्टरची फेरी येते तेव्हा गादी कॉटखाली जाते आणि माणूस जयकरला. या शब्दाने उपकार करणाऱ्या मित्राला मात्र नाव दिलेलं नाही. दोन वर्षं आपली अर्धी खोली देणाऱ्यासाठी बोलीत शब्दच नाही.

आता नापासांचा शब्द. ‘केटी’ म्हणजे नापास झालेला विषय, असं महाराष्ट्रातला कुणीही सांगेल. मूळ अक्षरं चार : ए-टी-के-टी, ‘अलाउड टू कीप टर्म्स’. इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत आणि वकिलीच्या शिक्षणसंस्थांत टर्म ‘राखावी’ लागे, म्हणजे ठरलेला काळ हजर राहावं लागे. 1857 साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात ती भाषा आली. आपल्याकडच्या नियमाचा अर्थ इतकाच, की एक-दोन विषय राहिले तरी या विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू द्यावं. ही सवलत होती, तिच्यात दया होती. बोलीने पहिली दोन अक्षरं, म्हणजे ‘परवानगी’, गाळून टाकली, आणि उरलेल्या दोनांना क्रियापद जोडलं ‘लागणे’. थंडी लागते, ठेच लागते, तशी केटी लागते. सवलतीचं नाव दुखण्याचं नाव झालं. पास झाल्यावर विषय ‘सुटतो’, गाठ सुटावी तसा. पुढच्या वर्गात जायलाच मिळालं नाही तर ‘वायडी’, म्हणजे इयर डाऊन, आणि हे घरी सांगताना मुलाचा आवाज खाली जातो.

इंजिनीअरिंगवाल्यांचा कोश याहून मोठा आहे. त्यात ‘एम-थ्री’ हा दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा धसका, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ‘जीटी’. ग्लास ट्रेसिंग : काच आडवी ठेवायची, खाली दिवा, वर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. ड्रॉइंग संगणकावर गेलं तशी ती काचही बाजूला पडत चालली आहे.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात हाका ऐकाव्यात. कोल्हापूरचा ‘भावा’, नागपूरचा ‘का बे’, सोलापूरचा ‘काय लका’, खानदेशचा ‘काय भो’. वर्षभरात सगळे एकमेकांची हाक उचलतात. चहाच्या टपरीवर सदोदित बसणाऱ्याला ‘पडीक’ म्हणतात. नांगर न लागलेल्या जमिनीचा हा शब्द शेतकऱ्याच्याच पोराने कॉलेजात आणला असणार, असं मला वाटतं.

हा सगळा कोश बहुतांश मुलांच्या फिरण्यातून झाला आहे. मुलींच्या वसतिगृहातले शब्द घड्याळाभोवती फिरतात : हजेरी, टायमिंग, आउट-पास, लोकल गार्डियनची सही. टपरीवर पडीक राहायला आधी रात्रीचे दहा आपले असावे लागतात. मुलींनी आपल्या वेळेसाठी पुष्कळ ठिकाणी आंदोलनं केली. त्या शब्दांचा इतिहास मुलींनीच लिहावा, तो मला पुरता लिहिता येणार नाही.

मेसचा खाडा आता वहीत मांडत नाहीत, मोबाइलच्या ग्रुपवर कळवतात. दिवाळीच्या तोंडावर त्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत संदेश येत राहतात. बहुतेक एकाच घडणीचे : ‘काका, उद्यापासून दहा दिवस खाडा. दिवाळीला गावी चाललोय.’