पहिला विग कसा निवडावा आणि कसा टिकवावा? क्रॉसड्रेसरसाठी सोपी माहिती

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या ठिकाणी एखाद्या पुरुषाला स्वतःसाठी लांब केसांचा विग घ्यायचा असेल, तर दोन प्रश्न समोर येतात. डोक्यावर घालून बघितल्याशिवाय तो निवडायचा कसा? आणि घरी आणल्यावर ठेवायचा कुठे? पहिल्या प्रश्नावर बराच विचार होतो, दुसऱ्यावर होत नाही. मग घाईघाईने काढलेला, घामाने ओला झालेला विग प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून कपाटात कपड्यांखाली दडवला जातो. दोन-तीन महिन्यांत त्याचा गुंता होतो, वास येऊ लागतो आणि पैसे वाया जातात. म्हणून विग घेण्याआधीच तो वाळवायची आणि ठेवायची जागा ठरवणे गरजेचे असते.

क्रॉसड्रेसर म्हणजे कोण?

एरवी पुरुष म्हणून वावरणारी, पण कधीमधी स्त्रीवेश करणारी (किंवा याच्या उलट) व्यक्ती म्हणजे क्रॉसड्रेसर. असे करणारा प्रत्येक जण ट्रान्सजेंडर किंवा समलिंगी असतोच असे नाही. अनेक जण विवाहित, संसारी असतात. कुणाला त्यात मोकळे वाटते, कुणाला शृंगाराची हौस असते, तर कुणी त्यातून स्वतःची ओळख शोधत असतो.

महाराष्ट्राला पुरुषाचा स्त्रीवेश नवा नाही. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या. पुढे भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व (1888–1967) यांच्या स्त्री-भूमिका पाहायला लोक गर्दी करत. विदर्भातल्या दंडार आणि खडी गंमत या लोककलांतही लुगडे नेसून नाचणारा पुरुष गावाला ओळखीचा आहे. रंगमंचावर या वेशाला टाळ्या मिळतात. घराच्या बंद खोलीत मात्र त्याच वेशाची लाज वाटायला लावली जाते.

कायद्याचा धाकही अनेकांच्या मनात असतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तृतीयपंथीयांनी सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेश करण्यावर बंदी होती. तो कायदा आता अस्तित्वात नाही. 15 एप्रिल 2014 रोजी ‘नालसा’ खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. विग विकत घेणे किंवा घालणे हा गुन्हा नाही.

आधी डोक्याचे माप

पहिला विग फसण्याचे मुख्य कारण म्हणजे फोटो पाहून केलेली खरेदी. शिंप्याकडे असते तशी मऊ टेप घ्यावी. स्वतःचे केस चापून बसवावेत. कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथून टेप कानांच्या वरून मागे मानेच्या खाचेपर्यंत न्यावी आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा कपाळावर आणावी. बाजारातले बहुतेक विग 21.5 ते 22.5 इंच घेराचे असतात. पुरुषांच्या डोक्याचा घेर अनेकदा याहून थोडा जास्त भरतो. 23 इंच किंवा त्याहून जास्त माप आले, तर मोठ्या मापाचाच विग शोधावा. आतल्या पट्ट्यांनी माप थोडेसेच कमी-जास्त होते. आखूड विग सतत वर सरकतो आणि तासाभरात डोके दुखू लागते.

कृत्रिम की मानवी केसांचा?

कृत्रिम धाग्याचा विग काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतो. त्याची ठेवण कारखान्यातच बसवलेली असते आणि धुतल्यावर बरीचशी परत येते. मानवी केसांचा चांगला विग साधारणपणे दहा हजारांच्या पुढे जातो. तो जास्त टिकतो, पण खऱ्या केसांसारखा प्रत्येक धुण्यानंतर सेट करावा लागतो.

मानवी केसांतही प्रत असते. देवस्थानांत मुंडण करून अर्पण झालेले केस एकाच दिशेने बांधलेले असतात. मुळाकडची आणि टोकाकडची बाजू कळत असल्याने त्यांचा गुंता कमी होतो. बाजारात अशा केसांना ‘रेमी’ म्हणतात. गल्लोगल्ली ‘केसांवर भांडी’ अशी हाक देत फिरणारे विक्रेते जे गळलेले केस गोळा करतात, त्यांत मुळे आणि टोके एकमेकांत मिसळलेली असतात. अशा केसांवर रासायनिक प्रक्रिया करावी लागते आणि काही धुण्यांनंतर ते पुन्हा गुंततात. विग स्वस्त असूनही ‘शंभर टक्के मानवी केस’ असे लिहिलेले असेल, तर हा फरक लक्षात ठेवावा.

पहिल्या खेपेला मध्यम किमतीचा कृत्रिम विग पुरेसा असतो. आपल्याला कोणती लांबी आणि कोणता रंग शोभतो, हे घालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

लांबी, रंग आणि बट

कमरेपर्यंतचे केस मोहात पाडतात, पण मानेशी घासून सर्वांत आधी तेच गुंततात. खांद्यापर्यंतची लांबी सांभाळायला सोपी जाते. कपाळावर बट असलेला विग नवख्यासाठी सोयीचा, कारण बटेमुळे विगची कड झाकली जाते. लेस फ्रंट विगची पुढची कड जास्त खरी दिसते, पण ती नीट बसवायला सराव लागतो आणि बऱ्याचदा चिकटद्रव्यही. अगदी काळा कुळकुळीत कृत्रिम विग उजेडात प्लास्टिकसारखा चमकतो. गडद तपकिरी किंवा किंचित फिकट काळा रंग आपल्याकडच्या चेहऱ्यांना जास्त नैसर्गिक दिसतो. चमक जास्तच वाटली, तर थोडी टाल्कम पावडर भुरभुरून ती झटकून टाकावी.

घ्यायचा कुठून?

स्नेहसंमेलनासाठी भाड्याने मिळणारे टोप रंगमंचापुरते ठीक असतात. ते अनेकांच्या डोक्यावरून फिरलेले असतात आणि जवळून खोटे दिसतात. नागपूर, अमरावतीसारख्या शहरांत केसगळतीच्या आणि केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांसाठी विग ठेवणारे दुकानदार असतात. तिथे आधी फोन करून ‘स्वतःसाठी लांब केसांचा विग हवा आहे, घालून बघता येईल का?’ एवढे विचारणे पुरेसे असते. कारण सांगायचे बंधन नसते. फोनवरच्या उत्तरातून दुकानदाराचा सूरही कळतो.

ऑनलाइन मागवताना आधी परतीच्या अटी वाचाव्यात. स्वच्छतेच्या कारणाने अनेक विक्रेते वापरलेला किंवा सील उघडलेला विग परत घेत नाहीत. घरच्यांना इतक्यात सांगायचे नसेल, तर ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ टाळावी. पैसे द्यायला घरचे दारात गेले की ‘काय मागवलंय?’ हा प्रश्न येतोच. बाहेरच्या लेबलवर किंवा बिलावर वस्तूचे नाव छापलेले असू शकते, हेही ध्यानात असावे. कुरिअरच्या कार्यालयातून स्वतः पार्सल आणायची सोय असेल तर ती घ्यावी.

घालण्याची रीत

स्वतःच्या केसांना तेल नसावे. केस चापून बसवावेत, त्यावर सुती किंवा जाळीची विग कॅप घालावी. विग दोन्ही हातांनी धरून पुढून मागे ओढावा. पुढची कड आपल्या मूळ केसरेषेवर यावी. ती कपाळावर खाली ओढली की विग टोपीसारखा दिसतो. कानांजवळच्या दोन्ही पट्ट्या समान उंचीवर आल्या की विग सरळ बसला असे समजावे.

उन्हाळा आणि आच

यवतमाळच्या मे महिन्यात पारा 44–45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा सुती कॅप घालावी, विग थोड्या वेळापुरताच वापरावा आणि काढल्यावर आतली बाजू ओलसर कापडाने पुसून वाऱ्यावर ठेवावी. साध्या कृत्रिम धाग्याला आच सोसत नाही. गॅसजवळ वाकणे, कढईची वाफ, केस सरळ करायचे यंत्र किंवा गरम ड्रायर यांनी टोके आखडतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीतही विग ठेवू नये.

धुणे आणि वाळवणे

आठ-दहा वेळा वापरल्यावर धुणे पुरते. घाम फार आला असेल तर आधी धुवावा.

1. मोठ्या दातांच्या फणीने टोकांपासून सुरुवात करून वर वर गुंता सोडवावा.
2. बादलीत थंड पाणी घेऊन त्यात झाकणभर सौम्य शाम्पू मिसळावा आणि विग पाच मिनिटे बुडवून ठेवावा. चोळू नये, हलकेच हलवावा.
3. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढावा. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्यावा, नाहीतर धागा खरखरीत होतो.
4. पिळू नये. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे.
5. स्टँडवर किंवा पाण्याने भरलेल्या उंच बाटलीवर ठेवून सावलीत वाळवावा. ओला असताना विंचरू नये.

केस म्हटले की आपल्याकडे हात आपसूक खोबरेल तेलाकडे जातो. कृत्रिम विगला तेल कधीही लावू नये. धागा ते शोषत नाही, त्यावर फक्त धूळ चिकटते.

ठेवायचा कुठे?

पूर्ण वाळलेला विग जाळीत घालून, आत कागदाचा बोळा ठेवून, बुटांच्या खोक्याएवढ्या पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवावा. डब्याला दोन-चार भोके असावीत. डांबरगोळ्यांचा वास विगला धरतो, म्हणून त्या घालू नयेत. वाळायला रात्रभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. त्यामुळे खोली निदान एक दिवस आपल्या हातात असेल, तेव्हाच धुवायला घ्यावा.

एकत्र राहणाऱ्या घरात एवढा एकांत नेहमी मिळत नाही. अशा वेळी घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला, बहुधा पत्नीला किंवा बहिणीला, सांगण्याचा विचार अनेक जण करतात. डबा अचानक सापडला तर घरच्यांच्या मनात फसवले गेल्याची भावना येते. आधी सांगितले तर निदान बोलायला जागा राहते. कधी आणि कुणाला सांगायचे हा निर्णय मात्र ज्याचा त्याचा. या घुसमटीचा त्रास होत असेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते.

अधूनमधून वापरलेला आणि नीट ठेवलेला साधा कृत्रिम विग वर्षभर किंवा जास्तही चालतो. रोज घातला तर चार-सहा महिन्यांत टोके झिजतात. खालची टोके खरखरीत झाली की तेवढाच अर्धा-पाऊण इंच भाग धारदार कात्रीने कापून तो आणखी काही दिवस वापरता येतो.